सतरावी चूक

वहीकाकांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नाही. बाकी झाडून सगळ्यांना दिलं. दूरचित्रवाणीच्या कचेरीत प्रेक्षकांच्या पत्रांचा ढीग यायचा, आणि ते काम अंगाला लावून घ्यायला कुणी तयार नसल्यामुळे ते आपसूक त्यांच्या गळ्यात पडलं होतं. 'तुमच्या अंतराळवीराचे बूट मला कुठे मिळतील?' असं विचारणाऱ्यालाही त्यांनी अर्धं पान लिहिलं होतं. राहिलं ते एकच पत्र. चौदा वर्षांच्या एका मुलीचं. ते घरातल्या जाडजूड शब्दकोशात ठेवलेलं होतं, आणि एकोणचाळीस वर्षांत वहीकाकांनी एकही अडलेला शब्द त्या शब्दकोशात पाहिला नव्हता. शब्द अडला तर शेजारच्या वाचनालयात जायचे.

वहीकाका हे नाव पुढे पडलं. कचेरीत ते 'वहीवाले' होते. अंतराळतळावर घडणारी तेरा भागांची एक मालिका तेव्हा तयार होत होती, आणि तिच्यात मेळ राखायचं काम त्यांच्याकडे होतं. चित्रीकरण तुकड्यातुकड्यांनी होतं. तळप्रमुख दारातून आत येतो तो सोमवारी आणि खुर्चीत बसतो तो गुरुवारी. मधल्या तीन दिवसांत त्याचे केस वाढलेले दिसायचे नाहीत, पेल्यातलं पाणी कमी व्हायचं नाही, बाहीची घडी उलगडायची नाही. हे सगळं टिपून ठेवणारा एक माणूस लागतो. वहीकाका कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसायचे, मांडीवर वही, कानावर पेन्सिल. प्रत्येक तुकड्याआधी सगळं तपासायचे आणि नोंदीखाली एकच शब्द लिहायचे, 'जुळतं'. पुढे बरोबरची खूण.

"वहीवाले," दिग्दर्शक साहेब सगळ्यांदेखत म्हणायचे, "बायको रुसली तर तुम्हाला नुसतं बघून कळतं, का वही काढावी लागते?"

सगळे हसायचे. वहीकाकाही हसायचे, मान खाली घालून. उलट उत्तर त्यांना सुचायचंच नाही असं नाही, पण ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुचायचं.

नववा भाग सगळ्यात गाजला. आजही जुनी माणसं तोच आठवतात. तळाच्या यंत्रघरात विषारी वायू सुटतो. तळप्रमुखाची बायको तिथली डॉक्टर, ती आत अडकते. बाकीच्यांना वाचवायचं तर मधलं दार बंद व्हायला हवं, आणि खटका आतल्या बाजूला. ती काचेतून नवऱ्याकडे बघते, दार आता आतून उघडत नाही असं सांगते, आणि खटका ओढते. खटक्यावरचा हात पडदाभर दिसतो. चार सेकंद.

तो हात टिपायचा राहूनच गेला होता. शेवटच्या दिवशी दुपारी साहेबांच्या ध्यानात आलं, तोवर नायिका दुसऱ्या चित्रीकरणासाठी निघून गेली होती. साहेबांनी कपाळाला हात लावला. नेमकी त्याच वेळी वहीकाकांची बायको दारात उभी होती. सकाळी निघताना ते चष्मा घरी विसरले होते, तो द्यायला आली होती.

साहेबांनी तिच्या हाताकडे बघितलं. "वहिनी, पाच मिनिटं आहेत का? फक्त हात द्यायचाय."

"कुणाच्या हातात?" ती म्हणाली, आणि सगळा स्टुडिओ हसला.

वहीकाकांनी नुकताच आलेला चष्मा नाकावर चढवला आणि कामाला लागले. नायिकेच्या नखांना फिकट रंग होता, तोच डबीतून काढून बायकोच्या नखांना लावायला लावला. चंदेरी बाही तिला चढवली, बाहीला दोन घड्या, वरची जरा तिरकी. घड्याळ काढून स्वतःच्या खिशात ठेवलं. मग वाकून त्यांनी तो हात नीट पाहिला. मागच्या नोंदी पाहिल्या. पुन्हा हात पाहिला.

"अहो, माझाच आहे," ती हळूच म्हणाली. "ओळख पटली का?"

वहीकाकांनी वहीत लिहिलं, 'हात. जुळतं.' आणि बरोबरची खूण केली.

अंगठ्याच्या बुडाशी तिला भाजल्याचा डाग होता, चिंचोक्याएवढा, तांबूस आणि चकचकीत. वहीकाकांच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांचा सदरा इस्त्री करताना तो पडला होता. बाहीची तिरकी घडी ज्या माणसाला दिसली त्याला तो डाग दिसला नाही. दिसला नाही म्हणजे काय, अकरा वर्षं रोज दिसत होता. तो हात म्हटला की तो डाग आलाच. तो वेगळा नोंदवायचा असतो हे त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

भाग दाखवला गेला, लोकांना आवडला म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवला गेला, आणि मग ते पत्र आलं. पाकिटावर लिहिलं होतं: 'चुका होऊ नयेत म्हणून बघणारे जे कोणी असतील त्यांना.' ते वाचूनच कचेरीतले लोक खदखदून हसले आणि पाकीट वहीकाकांच्या टेबलावर टाकून गेले.

'काका किंवा काकू,' आत लिहिलं होतं, 'मी चौदा वर्षांची आहे. सात महिने मी अंथरुणावर आहे त्यामुळे मला लक्ष द्यायला पुष्कळ वेळ असतो. तुमच्या नवव्या भागात मला सतरा चुका सापडल्या. रागावू नका. भाग मला इतका आवडला की मी दोन्ही वेळा रडले.'

पुढे चुका. तळप्रमुख पाणी पितो आणि पेला भरत जातो. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झालेली असतात आणि सगळे धावत येतात तेव्हा पावणेचार. हातमोजा डाव्या हातातला उजव्यात जातो. तीन दिवसांचा प्राणवायू आहे असं सांगून माणसं पाच दिवस मजेत बोलत बसतात. सोळावी चूक तिने दोनदा अधोरेखित केली होती: 'चौथ्या भागात तुम्हीच दाखवलंय की ते दार आतूनही उघडतं. मग ती उघडत नाही असं का म्हणते? लेखक विसरले का?'

वहीकाका शरमेने आणि कौतुकाने वाचत होते. एकेका चुकीवर त्यांचे कान लाल होत होते. मग सतरावी आली.

'खटका ओढणारा हात डॉक्टरबाईंचा नाही. अंगठ्यापाशी भाजल्याचा डाग आहे. तो आधीही नाही आणि नंतरही नाही. आणि तो हात आजारी माणसाचा आहे. मनगटाचं हाड वर आलंय आणि बोटांमधली कातडी आत गेलीय. माझे हात तसेच झालेत म्हणून मला कळलं. तो हात कोणाचा आहे? त्यांना आता बरं आहे ना?'

वहीकाका त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेले. अशी रजा त्यांनी कधी टाकली नव्हती. बायको स्वयंपाकघरात भांडी पुसत होती.

"काय हो, काय झालं? पुन्हा चष्मा?"

त्यांनी तिचा हात हातात घेतला. मनगटाचं हाड वर आलं होतं. घड्याळाच्या पट्ट्याला कारखान्याची पाच भोकं होती. सहावं घरी पाडलेलं होतं, तापवलेल्या सुईने, कडा वितळलेल्या होत्या. घड्याळ त्या सहाव्या भोकात अडकवलेलं होतं, आणि तरीही सैल होतं. हेच घड्याळ चित्रीकरणाच्या दिवशी तासभर त्यांच्या खिशात होतं.

"हे भोक कधी पाडलंस?"

"मालिका सुरू झाली ना, त्या सुमाराला."

"बोलली नाहीस."

"तुम्ही वहीत होतात," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, टोमणाही नव्हता. पाऊस होता म्हणून छत्री नेली, असं सांगावं तसं तिने सांगितलं. "म्हटलं, तेरावा भाग होऊ दे. मग दाखवू डॉक्टरला."

डॉक्टरांनी सगळं पाहिलं आणि वहीकाकांना एकट्याला बाहेर बोलावलं. म्हणाले, चार महिन्यांपूर्वी आला असतात तर. पुढचं वहीकाकांना ऐकू आलं नाही.

ती पाच आठवडे रुग्णालयात होती, खिडकीजवळच्या खाटेवर. ते पत्र तिनेच मागून घेतलं आणि वाचलं. वाचताना दोनदा हसली, मग खोकली.

"पोर हुशार आहे. तुमच्या जागी हिलाच ठेवायला सांगा साहेबांना."

"हो."

"आणि सोळावी चूक ही चूक नाहीये. दार उघडत असणार. पण उघडलं तर वायू बाहेर, आणि हा बाबा दाराला नाक लावून उभा. तो हलला असता का तिथून? म्हणून तिने सांगितलं, उघडत नाही. लेखकाला नसेल कळलं. मला तो खटका ओढताना कळलं."

वहीकाका खिडकीबाहेर बघत राहिले. तिच्याकडे बघायची त्यांची छाती झाली नाही.

"तिला उत्तर लिहा," ती म्हणाली. "हात कुणाचा ते लिहा. माझं पूर्ण नाव लिहा, आडनावासकट. शेवटी नावं सरकतात ना, त्यात माझं नव्हतं. मी बघत होते."

"लिहितो."

"आज लिहा."

"उद्या लिहितो."

'त्यांना आता बरं आहे ना?' या प्रश्नाला 'हो' असं उत्तर त्यांना लिहायचं होतं. आणि खोटं लिहायचं नव्हतं. म्हणून ते थांबले होते. थोडा ताप उतरू दे, थोडं खाऊ दे, मग लिहू. ती रोज विचारायची, लिहिलंत का, आणि ते रोज म्हणायचे, उद्या. पाचव्या आठवड्यात तिने विचारणं सोडलं, कारण तिला बोलता येईनासं झालं. आणि मग उत्तर 'नाही' असं झालं. अंथरुणावरच्या एका मुलीला, जिचे हात तसेच आहेत तिला, ते कसं लिहायचं? वहीकाकांनी पत्र शब्दकोशात ठेवलं. पुढे पुढे वाटायला लागलं, ती मुलगी तरी राहिली असेल का? आणि ती वाट बघत गेली असेल तर? त्यानंतर त्या शब्दकोशाला हात लावणं त्यांना जमेना.

अशी एकोणचाळीस वर्षं गेली. आणि मागच्या महिन्यात एका मुलीचा फोन आला. जुन्या फिती स्वच्छ करून नव्याने जपून ठेवण्याचं काम ती करत होती. नवव्या भागाची एकच फीत शिल्लक होती, तीही बुरशी आलेली.

"काका, तुम्हीच ना ते वहीवाले? या ना एकदा. तुमच्या चुका दाखवते." मग तिने जीभ चावली असावी. "म्हणजे, भागातल्या."

वहीकाका गेले. इस्त्रीचा सदरा घालून गेले. अंधाऱ्या थंड खोलीत दोन पडदे होते. मुलगी तिशीची, केस वर बांधलेले, त्यांत पेन्सिल खोचलेली. ती पेन्सिल पाहून वहीकाकांना बरं वाटलं.

"लोकांनी याद्या केल्यात काका, तुमचा विश्वास बसणार नाही. भरत जाणारा पेला तर इतका आवडतो त्यांना, की तो काढला तर मला मारतील. तो ठेवायचा. घड्याळ दुरुस्त करतोय, हातमोजा दुरुस्त करतोय. आणि हे बघा."

पडद्यावर तो हात आला. मुलीने तो तिथेच थांबवला. स्वच्छ केल्यामुळे इतका लख्ख दिसत होता की डागावरची चकाकीसुद्धा कळत होती. वहीकाकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. घरात तिची तीन छायाचित्रं होती. तिन्हीत तिचे हात कुठेतरी मागे किंवा पदराखाली होते.

"कोण बदली बाई होती कोण जाणे," मुलगी म्हणाली. "सगळ्यात ठळक चूक. हा डाग जाणार, हात भरीव होणार, नायिकेचाच वाटेल. वरून तसंच सांगितलंय. तुमचं काही म्हणणं?"

म्हणणं होतं. पण एका अनोळखी मुलीपुढे, दोन पडद्यांच्या उजेडात, ही माझी बायको, असं म्हणायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. डाग, घड्याळ, सहावं भोक, उद्या, उद्या. आणि शिवाय ती चूक होतीच ना? त्यांचीच होती. आपल्या चुकीला हात लावू नका म्हणून सांगणारे आपण कोण?

"तुम्हाला योग्य वाटेल तसं," वहीकाका म्हणाले.

मुलीने यादीचा कागद पुढे केला. "मग इथे प्रत्येकासमोर एक खूण करा काका. तुमच्या वहीतल्यासारखी. जपून ठेवीन मी."

वहीकाकांनी एकेका ओळीसमोर बरोबरची खूण केली. पन्नास वर्षांची सवय होती, हात थांबला नाही. हाताच्या ओळीसमोरही थांबला नाही.

तीन दिवस ते घरात येरझाऱ्या घालत राहिले. उलट उत्तर सुचायला त्यांना नेहमीच उशीर व्हायचा, पण या वेळी शब्द न् शब्द पाठ केला. 'तो हात राहू द्या. तो माझ्या पत्नीचा आहे.' एवढंच. चौथ्या दिवशी सकाळी जुनी वही पिशवीत घालून ते त्या खोलीत पोचले आणि दारातच, धाप लागलेली असताना, सगळं एका दमात म्हणून टाकलं.

मुलीच्या हातातला कप तसाच राहिला.

"काका," ती म्हणाली. "काका, आधी बोलायचं ना."

"उशीर झाला का?"

"फीत एकदाच चालणार होती. चालवली आणि तिची पूड झाली. त्यावरून घेतलेली कच्ची प्रत तुमच्या खुणा आल्यावर पुसली. तसा नियमच आहे, खुणा आल्या की कच्चं पुसायचं." तिचे डोळे भरून आले होते. "तुम्ही स्वतः खूण केली होतीत काका. मी दोनदा बघितली."

"हो," वहीकाका म्हणाले. "तुमची काही चूक नाही. मी नेहमीच खूण करतो."

ती त्यांना खुर्चीवर बसवून पाणी घेऊन आली. त्यांनी ते प्यायलं नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "दाखवू का? नको असेल तर नको."

त्यांनी मान हलवली. पडद्यावर हात आला. गोरा, भरीव, तरुण हात. डाग नाही, हाड नाही. बाहीच्या दोन घड्या, वरची जरा तिरकी. तो हात खटक्याजवळ गेला, दोन बोटांनी खटक्याला जेमतेम शिवला, मागे आला, आणि मग त्याने खटका धरून ओढला.

"पुन्हा," वहीकाका म्हणाले.

तिने पुन्हा लावलं. दोन बोटांनी शिवणं, मागे येणं. इस्त्री तापली का बघताना ती असंच करायची. त्या पहिल्या दिवसानंतर कायम. कुठल्याही वस्तूला हात घालण्याआधी दोन बोटं.

"हालचाल तीच आहे काका," मुलगी हलक्या आवाजात म्हणाली. "आम्ही फक्त वरची कातडी बदलली. ओढतायत त्याच."

वहीकाकांनी ते सात वेळा पाहिलं. मग चष्मा काढून पुसला, पिशवी उचलली आणि घरी आले. वाटेत त्यांना एकच गोष्ट दिसत होती. तो हात आता कुठेही नव्हता. तो खरोखर पाहिलेली माणसं किती? डॉक्टरांनी पाहिला, तेव्हा वेळ गेली होती. वहीकाकांनी स्वतः पाहिला, तेव्हा खूण करून मोकळे झाले. पाहताच ओळखला तो एकीनेच, पत्रातल्या त्या मुलीने.

त्यांनी शब्दकोश काढला. पत्राच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या. टेबलाशी बसून त्यांनी आधी चार कागद फाडले, कारण चारही माफीने सुरू झाले होते आणि माफीतच संपले होते. पाचव्यावर लिहिलं:

'चुका शोधणाऱ्या मुलीस,

तुझ्या सतराही चुका बरोबर आहेत. नाही, सोळा. सोळावी चूक नाही, हे मला एकीने समजावून सांगितलं. दार उघडत होतं. पण तो दाराशी उभा होता, म्हणून ती उघडत नाही म्हणाली.

सतरावी चूक माझी. तो हात माझ्या पत्नीचा. तिचं नाव खाली लिहितो आहे. हे तुला कळवावं अशी तिची इच्छा होती.'

इथे त्यांनी तिचं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, सुटंसुटं आणि मोठ्या अक्षरांत, भागाच्या शेवटी सरकतात तसं ओळीच्या मध्यावर. ते लिहिताना त्यांच्या ध्यानात आलं, की हे नाव आपण कित्येक वर्षांत लिहिलेलं नाही. मग पुढे:

'त्यांना बरं आहे ना, असं तू विचारलं होतंस. नाही. तुझं पत्र आल्यावर मला ती आजारी असल्याचं कळलं. सहा आठवड्यांनी ती गेली. मला 'हो' लिहायचं होतं म्हणून मी थांबलो, आणि मग थांबलोच. तुला जे एका नजरेत दिसलं ते मला शेजारी बसून दिसलं नाही. आता त्या भागात तो हात दिसणार नाही. चूक दुरुस्त झाली आहे. भाग पुन्हा लागला तर बघ, खटक्याला आधी दोन बोटं लागतात. तेवढी तिची आहेत.

तुला आता बरं आहे ना? हे तेव्हाच विचारायला हवं होतं.'

खाली सही केली. बरोबरची खूण केली नाही.

टपाल कचेरीतल्या खिडकीमागच्या बाईंनी पाकीट उलटंपालटं केलं. "काका, हा पत्ता फार जुना दिसतोय. विभागाचा क्रमांक पण नाही. ही गल्ली तरी आहे का अजून?"

"माहीत नाही."

"परत येईल हं हे. उगाच वाट बघत बसाल."

"येऊ द्या," वहीकाका म्हणाले. "मागे माझा पत्ता आहे."

बाईंनी खांदे उडवले आणि शिक्का मारला. वहीकाका खिडकीपाशीच थांबले. बाईंनी पाकीट मागच्या पिशवीत टाकलं. पिशवी भरली, एकाने तिचं तोंड बांधलं आणि उचलून गाडीत नेऊन ठेवली. मग ते वळले.